माफी नको, मुदत हवी

तीर्थस्वरूप आत्या,



परवा फोनवर तू विचारलंस, "रीडेव्हलपमेंटला सही करू का गं? सगळे म्हणतात करा. पण नव्या घराचा कॉर्पोरेशनचा टॅक्स मी कुठून भरायचा, ते कुणीच सांगत नाही." तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं, मागे कुकर शिट्टी मारत होता आणि माझं उत्तर दोन वाक्यांत संपणारं नव्हतं. म्हणून लिहून पाठवते आहे. छापायलाही देते आहे, कारण हा प्रश्न घेऊन माझ्या ऑफिसात येणारी तू एकटी नाहीस. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी इथल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या तीनमजली सोसायट्या एकामागून एक पाडल्या जाताहेत. प्रत्येकीत तुझ्यासारखी चार-दोन माणसं आहेतच. घर स्वतःचं, कर्ज कधीच फिटलेलं, मुलं लांब, आणि महिन्याला हातात येणारी रक्कम अशी की ती सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

काकांची सगळी नोकरी कारखान्यात गेली. त्यांच्या मागे तुला मिळते ती ईपीएस-95 ची पेन्शन. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. ती साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत, निवेदनं देताहेत. तुझा आकडा किमानाच्या थोडा वर, एवढंच. बाकी बँकेतल्या ठेवीचं व्याज. आणि ज्या दोन खोल्यांत तू हे पत्र वाचते आहेस, त्यांचा बाजारभाव कोटीच्या घरात. कागदोपत्री तू श्रीमंत बाई आहेस. ती श्रीमंती भाजीवाल्याकडे चालत नाही आणि कर भरण्याच्या खिडकीवरही चालत नाही.

आधी बिल कसं बनतं ते बघ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवर, पार्किंगवर, क्लबहाउसवर तासन्‌तास बोलतात, यावर कुणी बोलत नाही. पुणे महापालिका घराचा बाजारभाव धरत नाही. हे घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, ते ती ठरवते. भागाभागाचा दर असतो, चौरस फुटाला महिना अमुक रुपये. तो दर गुणिले क्षेत्रफळ, गुणिले बारा. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. मालक स्वतः राहत असेल तर आणखी 40 टक्क्यांची सवलत. उरतं ते वार्षिक करयोग्य मूल्य. मग त्यावर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, जलनिस्सारण कर, पथकर, वृक्षकर, शिक्षणकर असे एकेक टक्के चढत जातात. राज्य सरकारचा शिक्षणकरही याच बिलात बसून येतो. शिव्या मात्र सगळ्या महापालिकेला पडतात.

मेख आहे ती त्या दरात. घराची पहिली आकारणी झाली तेव्हाचा दर त्या घराला बऱ्याच अंशी चिकटून राहतो. नव्या बांधकामाला नवा, चढा दर लागतो. तुझं घर इतकी वर्षं स्वस्तात राहिलं ते यामुळे. इमारत पाडून नवी उभी राहिली की कागदावर ते नवं घर होतं. दर नवा आणि क्षेत्रफळही वाढलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मी आकडे धरते. तुझे खरे आकडे बिलावर बघू. समज, जुनं घर 550 चौरस फूट आणि दर महिना 1 रुपया. वर्षाचं भाडं 6,600. दहा टक्के गेले, 5,940. चाळीस टक्के सवलत गेली, 3,564. सगळे कर मिळून 45 टक्के धरले तर बिल साधारण 1,600 रुपये. आता नवं घर 750 फूट, दर 3 रुपये. वर्षाचं भाडं 27,000. त्याच रीतीने खाली येत गेलं की बिल 6,560 च्या आसपास, चौपट. आणि ती 40 टक्क्यांची सवलत काही कारणाने मिळाली नाही, तर 10,935. किमान पेन्शनवर जगणाऱ्या बाईला वर्षाला 12,000 मिळतात. त्यातले जवळपास अकरा हजार टॅक्सला. तू म्हणशील, "मग खायचं काय, क्लबहाउस?" हे वाक्य मीटिंगमध्ये उभं राहून बोल.

"सवलत मिळाली नाही तर" असं मी उगाच लिहिलेलं नाही. या सवलतीचा इतिहास तुला ठाऊक असायला हवा, कारण माझं म्हणणं त्यावरच उभं आहे.

1970 मध्ये पुणे महापालिकेने ठराव केला: घरमालक स्वतः राहत असेल तर भाड्याच्या रकमेत 40 टक्के सवलत, आणि दुरुस्तीसाठी कायद्यातल्या 10 टक्क्यांऐवजी 15 टक्के वजावट. जवळपास पन्नास वर्षं हे बिनबोभाट चाललं. दोन पिढ्यांना ही सवलत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, बिल कमी येतं एवढंच माहीत होतं. मग लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं की कायद्यात अशी तरतूदच नाही. महापालिकेचा ठराव कायद्याला ओलांडू शकत नाही, हे त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. 2019 मध्ये राज्य सरकारने तो ठराव रद्द केला. नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं गेली. जीआयएस सर्वेक्षणात ज्या घरांत भाडेकरू दिसले त्यांची सवलत निघाली. 2022 मध्ये हजारो लोकांना मागच्या वर्षांच्या फरकाच्या रकमा भरा म्हणून कळवण्यात आलं. लोक हादरले. ज्याने दरवर्षी वेळेत पैसे भरले त्यालाच थकबाकीदार म्हटलं जात होतं.

पुढे काय झालं ते सांगते. मार्च 2023 मध्ये कसब्याच्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि सत्ताधाऱ्यांनी अनेक वर्षांची जागा गमावली. प्रचारात हा चाळीस टक्क्यांचा विषय होता. एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. दुरुस्तीची वजावट 10 टक्क्यांवर आली, पण मागची वसुली माफ झाली. योगायोग म्हण हवं तर. मी त्याला पोटनिवडणूक म्हणते.

सवलत परत आली याचा मला आनंद आहेच. पण पन्नास वर्षांची सोय एका कागदाने जाते आणि एका पोटनिवडणुकीने येते, याचा अर्थ ती मेहेरबानी होती. मेहेरबानीवर म्हातारपण काढता येत नाही.

आता तुला न आवडणारं लिहिते. "कॉर्पोरेशन आम्हाला देतं काय? मग टॅक्स कशाला?" हे तुझं नेहमीचं. मला ते पटत नाही. खडकवासल्याचं पाणी तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येतं, तुझा कचरा सकाळी उचलला जातो, सांडपाणी तुझ्या दारात तुंबत नाही, आणि या सगळ्याला तुझ्या घरातून वर्षाला जातात ते पैसे तुझ्या दोन महिन्यांच्या वीजबिलापेक्षा फार जास्त नाहीत. आपल्या देशात मालमत्ता कर मुळात कमीच आहे. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की बंगळूर आणि जयपूर ही शहरं जेवढा कर गोळा करू शकतात त्याच्या 5 ते 20 टक्केच करतात. घराचा भाव दुप्पट झाला की आपण पेढे वाटतो आणि कर दहा टक्के वाढला की मोर्चा काढतो, हे काही फार शोभत नाही.

आणि महापालिकेकडे दुसरं राहिलंय काय? तुला जकात नाके आठवत असतील, काका ट्रकच्या रांगांवर किती चिडायचे. ती जकात पुण्यात 2013 मध्ये गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. त्या बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देतं, वर्षाला 8 टक्के वाढ धरून. म्हणजे शहराने स्वतः कमवायची मोठी वाट बंद झाली आणि सरकारकडे हात पसरायची उघडली. स्वतःच्या म्हणाव्या अशा ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांत सगळ्यांत भरवशाची म्हणजे ही घरपट्टी. वर पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वाढीबरोबर वाढवत न्या. दिल्लीतून अशी अट आली की तिचं ओझं फिरत फिरत तुझ्या टपालपेटीत येऊन पडतं. कर वाढत जाणार, आत्या. कुठल्याही पक्षाचा माणूस तुला उलटं सांगत असेल तर तो या वर्षापुरतं बोलतोय.

मात्र जिथे महापालिका काही देत नाही आणि बिल मात्र पाठवते, तिथल्या लोकांची तक्रार मी मोडून काढणार नाही. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पुण्यात आली. बिलं त्यांच्यामागोमाग आली. पाण्याचे टँकर मात्र होते तसेच. जानेवारी 2025 मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, ते सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी या समाविष्ट गावांतच जास्त. तिथे शुद्धीकरण प्रकल्पातलं पाणी पोचत नव्हतं, विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून दिलं जात होतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची कराच्या तक्रारींतूनच महापालिकेबाहेर पडली आणि स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्या लोकांचा राग कर वाढला म्हणून नव्हता, कर आधी आला आणि पाणी आलंच नाही म्हणून होता. तुझ्या कोथरूडचं तसं नाही. तुझी अडचण वेगळी आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती पाण्याची लाइन टाकून सुटणारी नाही.

अडचण अशी की कर घराच्या ऐपतीवर बसतो आणि भरायचा तुझ्या ऐपतीवर. पगार वाढला तर आयकर वाढतो, पगार गेला तर आयकरही जातो. घरपट्टीला हे कळत नाही. काका गेले त्या वर्षी तुझं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं, बिल मात्र जसंच्या तसं आलं.

मग जगात यावर काय करतात? एक मार्ग म्हणजे कर गोठवून टाकणं. कॅलिफोर्नियात 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13 नावाचा कायदा मंजूर केला. कर मूल्याच्या 1 टक्क्यापुरता आणि ते मूल्य वर्षाला फार तर 2 टक्के वाढवायचं. घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्याने आकारणी. म्हाताऱ्या माणसांना घरातून बाहेर पडावं लागू नये हा त्याचा गाजलेला हेतू. परिणाम काय, ते वॉरन बफे यांनी 2003 मध्ये स्वतःचीच बिलं दाखवून सांगितलं. ओमाहातलं त्यांचं घर 5 लाख डॉलरचं, कर 14,401 डॉलर. कॅलिफोर्नियातलं घर 40 लाख डॉलरचं, कर 2,264 डॉलर. जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एकाला ही सवलत, आणि शेजारी कालपरवा घर घेतलेल्या नोकरदार जोडप्याला पूर्ण भार. आपल्या पुण्यातही बारीक प्रमाणात तेच चाललंय. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या मालकाचं बिल किरकोळ, आणि बाणेरला कर्ज काढून घेतलेल्या टू बीएचकेचं बिल त्याच्या कैक पटींनी. म्हणून "जुना दर कायम ठेवा" ही मागणी मी करणार नाही. ती तुझ्या फायद्याची आहे, पण ती तुझ्या नातसुनेच्या खिशातून जाते.

दुसरा मार्ग आपल्याकडे लाडका आहे. माफी. मुंबईत 2022 च्या सुरुवातीला 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. चाळीतल्या, म्हाडाच्या कुटुंबांना दिलासा मिळाला, खरंच मिळाला. पण माफी माणसाकडे बघत नाही, फुटपट्टीकडे बघते. दक्षिण मुंबईतल्या कोट्यवधींच्या 490 फुटांच्या फ्लॅटला शून्य, आणि लांबच्या उपनगरात 510 फुटांत राहणाऱ्या विधवेला पूर्ण. पुण्यातही निवडणूक आली की हे पाचशे फूट जाहीरनाम्यात डोकावतात. तुझं नवं घर 750 फूट. तुला त्याचा उपयोग शून्य. माफीचा दुसरा प्रकार तर मला चीड आणतो. पिंपरी-चिंचवडला अनधिकृत बांधकामांवर कराच्या दुप्पट शास्तीकर होता, तो 2023 मध्ये सरकारने माफ केला. पुण्यात थकबाकीदारांसाठी अभय योजना येत राहतात. कोविडच्या वर्षी, 2020 मध्ये, शास्तीत 80 टक्के सूट दिली होती. गरजू माणूस थकबाकीत असतो हे मान्य, पण मोठे थकबाकीदार या योजनांची वाटच बघत बसतात. आणि तू? वेळेत भरलं की सर्वसाधारण करात पाच-दहा टक्के सवलत मिळते म्हणून बिल आल्या आल्या रांगेत उभी राहणारी. तुझ्या इमानदारीला पाच-दहा टक्के, त्यांच्या उशिराला ऐंशी.

जो भरत नाही त्याला काय होतं तेही ऐक. मुदत टळली की दरमहा 2 टक्के शास्ती. वर्षाला 24. बँक तुला ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास देते. एका वर्षाचे 6,560 रुपये पाच वर्षं राहिले तर शास्तीच 7,872 होते, मुद्दलापेक्षा जास्त. वर जप्तीची नोटीस. पुण्यात थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्याची पद्धत तर तू पेपरात वाचलीच आहेस. बड्या व्यावसायिकाच्या दारात वाजवला तर माझी काही हरकत नाही. आकारणी चुकली असं वाटून कोर्टात अपील करायचं तर आधी मागणीची रक्कम भरावी लागते. थोडक्यात, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला कायद्यात मधली जागाच नाही. एक तर आजच्या आज भर, नाही तर चोवीस टक्क्यांनी बुड, नाही तर कुणीतरी माफी जाहीर करील म्हणून देव पाण्यात घालून बस.

मधली जागा काही ठिकाणी आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 55 वर्षांवरच्या घरमालकाला मालमत्ता कर पुढे ढकलता येतो. त्याच्या वतीने प्रांत सरकार नगरपालिकेला कर भरतं, म्हणजे शहराची तिजोरी रिकामी राहत नाही. सरकारचं येणं घरावर बोजा म्हणून चढतं, त्यावर व्याज लागतं. घर विकलं गेलं किंवा मालक गेला की ती रक्कम आधी वसूल होते. कुणाला माफी नाही, कुणाची जप्ती नाही. बाई आपल्या घरात शेवटपर्यंत राहते आणि शहराला त्याचा पैसा मिळतो.

न्यू जर्सीची गोष्ट तर तिथे राहणाऱ्या तुझ्या लेकाकडूनच ऐक. तिथला सरासरी मालमत्ता कर 2024 मध्ये वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना जातो. तो तुला फोनवर रडगाणं गातोच. पण त्याला हेही विचार की त्याच्या गल्लीतले म्हातारे शेजारी काय करतात. 'सीनियर फ्रीझ' नावाच्या योजनेत ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या ज्येष्ठांचा वाढलेला कर राज्य सरकार परत करतं. म्हणजे तिथेही सवलत घराचे फूट बघून दिली जात नाही, माणसाचं वय आणि उत्पन्न बघून दिली जाते.

आपल्याकडे हे का होऊ नये? सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवण्यात आपल्या महसूल खात्याची हयात गेली. फ्लॅटचा व्यवहार आता ऑनलाइन नोंदला जातो, मिळकत क्रमांकावर थकबाकी दिसते, आणि थकबाकी असेल तर हस्तांतर अडतं. यंत्रणा उभी आहे. लागते ती एक छोटी कायद्याची दुरुस्ती: सत्तरीच्या पुढचा मालक, एकच घर, स्वतः राहतो, आणि उत्पन्न अमुक रकमेच्या आत, असा अर्ज आला तर त्याचा कर पुढे ढकलायचा, शास्ती लावायची नाही, बँकेच्या ठेवीएवढं साधं व्याज लावायचं, आणि घर वारसाकडे जाताना किंवा विकलं जाताना ते वसूल करायचं. पाच-दहा वर्षांचा कर आणि व्याज मिळून कोटीच्या घरातला किती भाग होईल? मघाच्या आकड्यांनी दहा वर्षांचा कर 65,600. त्यावर साधं व्याज धरलं तरी लाखाच्या आत. वारसांनी कुरकुर करायचं कारण नाही. करतील, ते सोड.

महापालिकेतले एक ओळखीचे निवृत्त गृहस्थ यावर म्हणाले, "मग सगळेच ढकलतील, आम्ही पगार कशातून करायचे?" शंका बरोबर आहे. म्हणूनच मधली रक्कम ब्रिटिश कोलंबियासारखी राज्याने भरावी असं मी म्हणते आहे, शहराने नाही. आणि सगळे ढकलणार नाहीत. तुझ्या पिढीला देणं डोक्यावर ठेवून झोप लागत नाही हे मला चांगलं माहीत आहे. तू स्वतःसुद्धा कदाचित ढकलणार नाहीस. पण ढकलता येतं एवढं माहीत असलं तरी औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खायची वेळ येणार नाही. हो, मला कळलंय ते. औषधाच्या दुकानात तुझा हिशेब मीच बघते.

यात 1970 ची गोष्ट विसरून चालणार नाही. नुसता ठराव करून दिलेली सोय कुठला तरी लेखापरीक्षक उद्या पुन्हा उपटून टाकील. ही तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बसली पाहिजे, त्या 2 टक्के शास्तीच्या नियमाच्या शेजारी.

आता तुझ्या सहीचं. सही कर, पण पुढचं बघून कर. बिल्डर कॉर्पस फंड देतो तो सोसायटीच्या खात्यात न जाता प्रत्येक सभासदाला किती मिळणार, हे करारात आकड्यात लिहून घे. ती रक्कम फ्रीज-सोफ्यात घालवू नकोस. तिची ठेव कर आणि व्याजातून टॅक्स आणि मेंटेनन्स भागव. बांधकाम चालू असताना येणारी बिलं कोण भरणार, तेही करारात असू दे. नव्या इमारतीला भोगवटा पत्र मिळालं की आकारणीची नोटीस येईल. तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते, त्या मुदतीत क्षेत्रफळ आणि दर मला तपासू दे. पहिलं बिल आलं की 40 टक्के सवलत त्यात धरली आहे की नाही ते बघायचं. नसेल तर पीटी-3 अर्ज, सोसायटीचं पत्र आणि तुझं मतदार ओळखपत्र किंवा गॅसचं पुस्तक घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायचं. सवलत आपोआप मिळेल या भरवशावर बसायचं नाही. आणि नव्या घराची एक खोली कॉलेजच्या मुलींना भाड्याने द्यायचा तुझा जो बेत आहे ना, तो करण्याआधी मला विचार. भाडेकरू ठेवला की सवलत जाऊ शकते.

एक काम मात्र तुलाच करायचंय, माझ्याच्याने होणार नाही, कारण मी तुझ्या प्रभागाची मतदार नाही. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचं राज्य होतं. जानेवारी 2026 च्या निवडणुकीत ते परत आले. तुझ्या प्रभागातले सगळे नगरसेवक मतं मागायला तुझ्या जिन्यावर धापा टाकत चढले होते, तूच सांगितलंस. सोसायटीतली सत्तरीच्या पुढची सगळी मंडळी गोळा कर, हे पत्र घेऊन त्यांच्याकडे जा आणि एवढंच विचार: ज्येष्ठांना शास्तीशिवाय कर पुढे ढकलता यावा म्हणून कायदा बदला, अशी शिफारस करणारा ठराव मुख्य सभेत आणून राज्य सरकारकडे पाठवणार का? पाचशे फुटांच्या माफीवर बोलायला लागले तर मध्येच थांबव. आणि उत्तर लेखी माग.

तुझी,
भाची